मागणी क्रमांक एक

श्रावणात आमच्या कोल्हापुरात कुणी कुणाला बरं आहे का म्हणून विचारत नाही. बंधाऱ्याला किती फूट झालं, ते विचारतात. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्याहून फोन करणारी माझी बहीणही आधी फूट आणि इंच विचारते आणि मग माझ्या गुडघ्यांकडे वळते. परवा सकाळी खालच्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी जिन्यातूनच ओरडल्या, "ताई, पाणी पात्राबाहेर पडलं बघा! वाडीला दक्षिणद्वार झालं म्हणं!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि असायला हरकत नाही. नृसिंहवाडीला नदी उत्तरेच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात न्हायला लोक लांबलांबून येतात. मीही एकदा न्हाले आहे. पण आता पाणी वाढल्याची बातमी आली की माझ्या नाकात गाळाचा वास भरतो आणि दोन दिवस मला जेवण जात नाही.

हा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगता येत नाही. लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो ओल्या मातीचा वास हा नव्हे. कुजलेला ऊस, भिजून फुगलेली ज्वारी, डिझेल, मेलेली म्हैस, कुणाच्या तरी पोराचं दप्तर, सगळं एकत्र आंबून तो तयार होतो. तो कपड्यांना लागतो, केसांना लागतो. मोठा पूर आला त्या वर्षी दिवाळीच्या फराळालाही मला तो येत होता. घरातले म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. असतील.

कोल्हापूरपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, पंचगंगेच्याच काठावर एक छोटी नगरपालिका आहे. तिथल्या आवक-जावक टेबलावर माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमचंच काय म्हणून, आणि शेजारच्या गावांना वाटेल, आपण सुटलो. माझं काम सोपं होतं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाची नोंद ठेवायची आणि मधल्या वेळात साहेबांची, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांची, पत्रं टाईप करायची. सहा वाजले की त्याच संगणकावर मी साहेबांविरुद्धची पत्रं टाईप करायची, कारण कर्मचारी संघटनेत शुद्ध लिहिणारं माणूस मी एकटीच होते. ह्यात मला फार गंमत वाटायची. सकाळी साहेब माझंच पत्र माझ्याच हातून घ्यायचे आणि म्हणायचे, "भाषा बरीच कडक आहे हो संघटनेची." मी मान डोलवायची.

संघटनेचे अध्यक्ष दत्तूअण्णा. पाणीपुरवठ्यात चावीवाले, म्हणजे गल्लोगल्ली नळाचे व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत फिरणारे. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून चालायची सवय, त्यामुळे एक खांदा कायमचा उतरलेला. अण्णा जेमतेम सातवी शिकलेले होते, पण त्यांनी एक रीत घालून दिली होती. संघटनेचं कुठलंही पत्र असो, ते जाण्याआधी नगरपालिकेच्या फाटकात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. वाचून झालं की अण्णा विचारायचे, "कळलं का? आता बोला, मंजूर हाय का न्हाय?" मग सगळे ओरडायचे. मी वाचायची. ऊन असो, पाऊस असो, फाटकाच्या खांबाला टेकून मी वाचायची, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्या वेळी मी स्वतःला कुणीतरी मोठी समजत असे.

त्या गर्दीत कडेला, झाडू भिंतीला लावून, हिरामावशी उभ्या असायच्या. रस्ते झाडणाऱ्या. माझ्या धाकट्याच्या बारशाच्या वर्षी त्या कामाला लागल्या, आणि तो कॉलेजात गेला तरी त्या रोजंदारीवरच होत्या. नंतर तर तेही गेलं. सफाईचा ठेका निघाला आणि हिरामावशींसारख्या सगळ्या बायका एका दिवसात ठेकेदाराच्या झाल्या. तोच रस्ता, तीच पहाट, तोच मुकादम. फक्त नाव नगरपालिकेच्या मस्टरवर नाही, मुकादमाच्या खिशातल्या वहीत. ताप आला तर रजा नाही. काम करताना काही झालं तर विचारणारं कुणी नाही. हिरामावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वही आणि मस्टर यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. एकदा मला म्हणाल्या, "ताई, मस्टरवरचं माणूस मेलं तर ऑफिस बंद ऱ्हातंय अर्धा दिस. वहीतलं मेलं तर पान उलटत्यात."

त्या वर्षीच्या मागण्यांच्या पत्रात हिरामावशींचा मुद्दा आधी सातवा होता. गणवेश, धुलाई भत्ता, बढत्या असं सगळं कायम कर्मचाऱ्यांचं झाल्यावर तळाला. फाटकात मी वाचलं तेव्हा त्यांनी तोंडावरचा पदर काढला आणि विचारलं, "आमचं कितवं म्हणालासा?" मी म्हटलं, सातवं. "मग सायेब सावं वाचंस्तवर चा पिऊन उठंल की वो." लोक हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, पेनानं सातवर काट मारून एक केला आणि मला परत दिला. मागून कुणीतरी कुरकुरलं की ठेकेदाराची माणसं आपल्या पत्रात कशाला. अण्णा वळले. "झाडू कुणाचा रं? नगरपालिकेचा. रस्ता कुणाचा? नगरपालिकेचा. आन् बाई तेवढी ठेकेदाराची व्हय?" मंजूर झालं.

अशी ती मागणी क्रमांक एक. सफाईच्या बायकांना नगरपालिकेचं कर्मचारी म्हणून मस्टरवर घ्यावं, आणि बोलणी होतील तेव्हा त्यांचंही माणूस टेबलाशी असावं. नाही तर संप. चौदा दिवसांची रीतसर नोटीस दिली. आणि आश्चर्य म्हणजे चौथ्या दिवशी साहेबांनी मला पत्र सांगितलं की सर्व मागण्यांवर, क्रमांक एकसह, चर्चेला बसू. "क्रमांक एकसह" हे शब्द मी टाईप करून पुन्हा एकदा वाचले. त्याआधी आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं.

बायकांच्या वतीनं हिरामावशींना बसायचं ठरलं. त्या दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच विचारू लागल्या.

"ताई, सायबाच्या खोलीत खुर्चीवर बसायचं का उभं ऱ्हायाचं?"

"बसायचं."

"चप्पल भाईर काढू?"

"अजिबात नाही."

"आन् सायेब एखादवेळी उठा म्हणाला तर?"

"मग मीही उठेन," मी म्हटलं. बोलणं किती सोपं असतं.

चर्चेच्या दोन दिवस आधी नदी गावात आली. आमच्याकडे पूर हे काही नवल नाही. दर दोन-चार वर्षांनी खालच्या आळीत पाणी येतं आणि जातं. पण त्या वर्षी ते आलं आणि थांबेचना. आधी स्मशान, मग बाजारपेठ, मग नगरपालिकेचं फाटक. कार्यालय टेकावरच्या शाळेत हलवलं. एका वर्गात पूरग्रस्त, एका वर्गात गुरांच्या पेंडीची पोती आणि तिसऱ्या वर्गात आम्ही, फळ्यावर अजून पाढे लिहिलेले. मस्टर, शिक्का आणि लॅपटॉप एवढंच वाचवून आणलं होतं. बाहेर जनरेटरचा धडधडाट, आत पोरांची रडारड. खिडकीतून पाहिलं तर माझ्या ओळखीची घरं छपरांपुरती उरलेली.

तिथं साहेबांनी अण्णांना बाजूला घेतलं. मी दोन हातांवर होते, सगळं ऐकलं. "अण्णा, गाव पाण्यात आणि माझ्या टेबलावर संपाची नोटीस. वर काय तोंड दाखवू? मागं घ्या. पाणी ओसरलं की पहिल्याच सोमवारी बसू. शब्द देतो." साहेब वाईट माणूस नव्हता. तीन रात्री तो झोपला नव्हता, डोळे लाल झाले होते, आणि तो शब्द त्यानं मनापासून दिला असं मला आजही वाटतं. घंटागाडीवरचा सुनील, ठेक्यावरचाच पोरगा, तिथं होता. तो उसळला. "अण्णा, आत्ताच आपली गरज हाय त्यास्नी. गाळ निघाल्यावर आपल्याला कोन इचारतंय?" अण्णांनी पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "गावाच्या गळ्याला पाणी लागलंय सुन्या. आपुन गळा धरायचा न्हाय."

सुनीलचं बरोबर होतं की अण्णांचं, ह्याचा निकाल मला इतक्या वर्षांत लावता आलेला नाही. कधी वाटतं, अण्णांसारखी माणसं होती म्हणून ते गाव उभं राहिलं. कधी वाटतं, त्यांचा हा चांगुलपणा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणूनच त्यांच्याकडून तो दरवेळी मागून घेतला गेला. पिठाचे डबे डोक्यावर घेऊन बायका चढ चढत होत्या, अशा वेळी संपाचं नाव काढायला मलाही जड गेलं असतं.

नोटीस मागं घेतल्याचं पत्र टाईप करायला मी बसले. पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप. चार ओळींचं काम. पूरस्थितीमुळे संप स्थगित करीत आहोत, नोटीस मागे घेत आहोत. आणि मग माझी बोटं आपोआप पुढं गेली. अर्ज मागं घेतल्याची पत्रं मी आयुष्यभर टाईप केली होती, गटाराच्या तक्रारीची, शेजाऱ्याच्या जिन्याची, भटक्या कुत्र्याची. त्या प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ असतेच. ती मी इथंही लिहिली. "सबब, आता संघटनेची कोणतीही मागणी अथवा तक्रार शिल्लक राहिलेली नाही." ती मला कुणी सांगितली नव्हती. साहेबांनी नाही, कुणीच नाही. पत्राला शेपूट हवं म्हणून मी ते लावलं.

त्या दिवशी पत्र वाचलं गेलं नाही. फाटक पाण्याखाली होतं आणि निम्मी माणसं होड्यांवर होती. अण्णांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. हिरामावशी शाळेच्या पायरीवर भाकऱ्यांची चवड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय ताई?" मी म्हटलं, "काही नाही मावशी. तारीख पुढं ढकलली." आणि मी शिक्का मारायला आत गेले.

पाणी उतरलं आणि गाळ उरला. गुडघाभर, घोट्याभर, घरांत, देवळांत, बँकेत. तो काढायला बायकांना पहाटेपासून जुंपलं. गमबूट आले ते मस्टरप्रमाणे वाटले. तापाच्या प्रतिबंधाच्या गोळ्या आल्या त्याही मस्टरप्रमाणे. यादी मीच काढून दिली होती. त्यात अन्याय करतोय असं कुणाच्याच मनात नव्हतं, यादी म्हटली की मस्टर, एवढंच. हिरामावशींनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या पायांत घालून वर सुतळी बांधली होती. टाचांच्या भेगांतून पाणी आत जायचंच. मेलेली डुकरं, कोंबड्या, कुजलेलं धान्य त्या फावड्यानं ओढायच्या आणि मला पाहिलं की विचारायच्या, "ताई, सोमवार कुठला धरायचा?" गावातले लोक चांगले होते. त्यांनी चहा दिला, शाल आणि नारळ देऊन बायकांचा सत्कार केला, फोटो काढले. सत्काराच्या फोटोत हिरामावशी शाल पांघरून उभ्या आहेत आणि पायांतल्या पिशव्या फोटोबाहेर राहिल्या आहेत.

पहिला सोमवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारी अण्णा साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशी फाईल घेऊन उभी. साहेबांनी कपाटातून आमचं पत्र काढलं, अण्णांच्या बाजूला फिरवलं आणि माझ्या त्या ओळीखाली बोट ठेवलं. "वर मी विचारून पाहिलं अण्णा. ते म्हणतात, संघटनाच लिहून देते की मागणी शिल्लक नाही, तर चर्चा कशावर करायची?" अण्णांनी ओळ वाचली. बोटाखालचा एकेक शब्द त्यांनी ओठांनी उच्चारला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. अण्णा म्हणाले, "तुमी कशाला रडतासा? वाचून घ्याया पायजे हुतं मी. रीत मोडली ती मी मोडली." त्यांनी तो दोष स्वतःवर घेतला आणि महिन्याभरात अध्यक्षपद सोडलं. मी त्यांना तो घेऊ दिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नवी नोटीस द्यायची म्हटली तर पाय ओढणारे आता मोकळे झाले होते. कायम कर्मचाऱ्यांतले चार शहाणे साहेबांना परस्पर भेटून आले. क्रमांक एक सोडा, बाकीचं देतो, असं त्यांना कळलं. अण्णा नव्हते, त्यामुळे कुणी विचारलंही नाही की बाई कुणाची. पत्र पुन्हा टाईप करायला माझ्याकडेच आलं. मी पहिला मुद्दा खोडला आणि क्रमांक दोनचा क्रमांक एक केला. गणवेश मिळाले, धुलाई भत्ता मिळाला, फाटकात पेढे वाटले. त्यातला एक मी खाल्ला, तेही इथं लिहून टाकते.

गेल्या महिन्यात सुनील माझ्याकडं कोल्हापूरला आला होता. आता कानशिलं पिकलीत त्याची. ठेक्यावरच्या लोकांची त्यानं वेगळी संघटना काढली आहे. मी विचारलं, बोलणी कुठवर आली. तो हसला. "ठेकेदार म्हंतोय, नगरपालिकेशी बोला. नगरपालिका म्हंत्या, तुमचा मालक ठेकेदार, त्येच्याशी बोला. आमी मधल्या रस्त्यावर हाय की, झाडत." पुराव्याचा कागद म्हणून त्याला ती जुनी नोटीस हवी होती, "क्रमांक एकसह" असं लिहिलेलं साहेबांचं पत्रही हवं होतं. दोन्ही मी जपून ठेवली होती, दिली. जाताना तो म्हणाला, एवढं निवेदन लिहून द्या की ताई, तुमच्यासारखं आम्हाला येत नाही. मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असणार, पण माझ्या बोटांवर माझा भरवसा राहिलेला नाही.

हिरामावशींना त्या पुराच्याच वर्षी गणपती गेल्यावर ताप आला. आधी अंगावर काढला, कारण वहीत खाडा लागतो. मग डोळे पिवळे झाले. गावातल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. गाळाच्या पाण्यातून येणारा ताप होता तो, ज्यावरच्या गोळ्या माझ्या यादीप्रमाणे वाटल्या होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची शुद्ध जाऊन-येऊन होती. मला ओळखलं. ठरलेल्या चर्चेचं त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "खालच्या आळीचं गटार तुंबलंय, सांगा मुकादमाला." चौथ्या दिवशी गेल्या. कार्यालय नेहमीच्या वेळेपर्यंत सुरू होतं.

दसऱ्यानंतर त्यांची मुलगी संगीता आली. विशीची असेल. कामावर असताना आई गेली म्हणून काही मदत मिळावी, असा अर्ज तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. मी तो आवक केला, शिक्का मारला. आठवड्यानं साहेबांनी उत्तर सांगितलं आणि मी ते टाईप केलं. ह्या वेळी प्रत्येक शब्द विचार करून टाईप केला, पण त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. सदर महिला ह्या कार्यालयाची कर्मचारी नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. संगीता उत्तर न्यायला आली, तेव्हा मी तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. कागद तिनं दोनदा वाचला.

"ताई, आई हितली न्हवती म्हंतासा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. "मग ती रोज पहाटं उठून कुठं जात हुती?"

मी ड्रॉवर उघडला, पत्राची कार्यालयाकडं ठेवायची प्रत काढली आणि पेनासकट तिच्यापुढं सरकवली.

"इथं सही कर," मी म्हणाले. "पत्र मिळाल्याची."

तिनं सही केली.